ओट्याचं मडकं

नाखवीण आत्याचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते, पण तिचा भरवसा डोळ्यांवर नव्हता. तो होता उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. पापलेट आजचं की कालचं, हे ती बघून सांगत नसे. बोट दाबून सांगायची. लुगड्याचं सूत, तांदळाचा ओलावा, माझा ताप, सगळ्याची परीक्षा त्या एका बोटाने व्हायची. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा तिला सर्टिफिकेट वाचता येईना, म्हणून तिने त्यावरून बोट फिरवलं आणि कागद जाड आहे असं म्हणून समाधानाने मान हलवली. "डोला फसतो, बोट फसत नाय," हे तिचं नेहमीचं वाक्य. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. पुढे त्याच बोटाने मला पकडलं, आणि पकडूनही सोडून दिलं. ते सोडून देणंच मला अजून जड जातं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याची स्वतःची होडी होती म्हणून ही नाखवीण. लग्नानंतर सहा वर्षांनी एका वादळात होडीही गेली आणि नाखवाही गेला, आणि ही शीव कोळीवाड्यात माहेरी परत आली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. "होडी बुडाली, नाखवीन तेवढी तरंगली," असं ती स्वतःच सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे. मी पाच वर्षांचा असताना माझे आईवडील एकाच वर्षात गेले. त्यानंतर तिची पाटी, ती आणि मी, एवढाच संसार. पहाटे ती भाऊच्या धक्क्यावर जायची, दुपारपर्यंत परळच्या चाळींतून मासळी विकायची, आणि परत आली की पाटी धुऊन, पाय धुऊन ओट्यावर बसायची.

ओटा म्हणजे काही मोठी वास्तू नव्हती. दाराबाहेर हातभर उंचीचा मातीचा चौथरा, शेणाने सारवलेला. पण आत्या खरी राहायची ती तिथे. घरात ती फक्त स्वयंपाकाला आणि झोपायला जायची. संध्याकाळी चार बायका ठरलेल्या जागी येऊन बसायच्या, त्यात समोरच्या घरातली हिरूबाय तिची जिवाभावाची. बोंबील सुकायचे, भांडणं मिटायची, सोयरिकी जमायच्या. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. कुठे सभा झाली, कुठे लाठी चालली, कुणाचा मुलगा पकडला गेला, ही सगळी खबर परळच्या चाळींतून आत्या रिकाम्या पाटीत घालून आणायची. मुंबई नक्की कुणाची, असा वाद एकदा ओट्यावर निघाला, तेव्हा ती म्हणाली, "आदी आमची हुती. मंग जो आला त्याला आमी बसायला जागा दिली. आता उठ कसं म्हनायचं?"

मी फोर्टमधल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो. मोठ्या साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, एवढंच काम. पण कोळीवाड्यात मी इंजिनिअरच. वरळीची सुमन सांगून आली, लग्न ठरलं, आणि आत्याने जाहीर केलं की घराला खोली वाढवायची. आमचं घर म्हणजे एक खोली आणि चूल. मागे दुसऱ्याची भिंत, दोन्ही अंगांना शेजार, म्हणजे वाढायचं तर पुढेच. पुढे गल्लीपर्यंत आठ हात जागा होती, ओटा धरून. आत्याचा हिशोब साधा होता. सहा हातांत खोली, आणि उरलेल्या दोन हातांत नवा ओटा, या वेळी मातीचा नाही तर शहाबादी फरशीचा.

तिचं अंदाजपत्रक चार मडक्यांत होतं. विटांचं मडकं, कौलांचं मडकं, दाराचं मडकं आणि ओट्याचं मडकं. पैसे वेगळे ठेवायचे; मडक्यात पडायची ती, घरखर्च भागून ज्या दिवशी काही उरेल त्या दिवसाची खुणेची एक शिंपली, आणि ती कुठल्या मडक्यात पडायची ते त्याच दिवशी ठरायचं. कौलं चाळीस दिवसांची, दार पंचवीस दिवसांचं, असे तिचे भाव. पावसाळ्यात धंदा बसला की मडकीही बसायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बोलू लागायची. मी ऐटीत फुलस्केप कागदावर रीतसर अंदाजपत्रक केलं आणि ऑफिसात शिकल्याप्रमाणे शेवटी 'किरकोळ व अनपेक्षित' अशी ओळ घातली. आत्याने अनपेक्षित म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, आधी कळत नाही तो खर्च. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "त्याला मडकं नाय लागत. त्याला मानसं लागतात." मला हसू आलं. दोघांच्या बेरजेत फरक निघाला तो आठ दिवसांच्या बाजाराचा, आणि चूक माझी होती. मी खिडकीचे गज विसरलो होतो.

मोजमापाची तिची तऱ्हा तर सगळ्यांत न्यारी. जाळ्याची जुनी दोरी घेऊन तिने अंगणात भावी खोलीची रेघ आखली आणि मला त्यात आडवं व्हायला सांगितलं. बावीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, लग्न ठरलेला मी, भर सकाळी गल्लीच्या तोंडावर चटई टाकून पडलो, आणि येणारे-जाणारे सुमन कुठे आहे म्हणून विचारत होते. माझे पाय दोरीबाहेर आले तेव्हा आत्याने दोरी हलवली नाही, मलाच वीतभर आत सरकवलं. मग पुढच्या पट्टीत चार बायकांना बसवलं, पाचवी आली तर काय म्हणून त्यांना आणखी चिकटून बसायला लावलं. "घर आदी दोरीत जगून बघावं, मंग विटंत बांधावं," असं तिचं म्हणणं. तिची ती दोन हातांची पट्टी मी त्या दिवशी बघितली होती. मला ठाऊकच नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

विटा तिने टप्प्याटप्प्याने घेऊन भिंतीलगत रचून ठेवल्या होत्या. एका हरताळाच्या दिवशी आमच्या पोरांनी मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर अडथळा उभा केला, आणि सकाळी बघतो तर आमची अर्धी रास गायब. मी हादरलो. आत्या पाटी घेऊन निघाली ती थेट नाक्यावर. काय बोलली कुणास ठाऊक, पण हरताळ संपल्यावर तीच पोरं डोक्यावरून विटा वाहून आणत होती आणि ही दारात बसून मोजून घेत होती. राज्य तुम्ही मिळवा, विटा माझ्या आहेत, असं तिने त्यांना बजावलं म्हणे. पन्नासेक विटा फुटल्या होत्या. त्या तिने टाकू दिल्या नाहीत. ओट्याच्या भरावात घालू, म्हणाली. महाराष्ट्रासाठी फुटलेल्या विटांवर बसायचं या कल्पनेने ती भलतीच खूश होती.

मग गिरगावातला माझा एक ऑफिससोबती घर बघायला म्हणून आला. फार सज्जन माणूस. आत्याने त्याला ओट्यावरच बसवलं, चहा दिला. शेजारी बायका कोलंबी सोलत होत्या, त्यांनी त्याला पगार विचारला, लग्न विचारलं, आणि त्याने हसून उत्तरं दिली. जाताना तो एवढंच म्हणाला की मंडळी फार मोकळी आहेत. त्याच्या मनात काही असेल असं मला आजही वाटत नाही. जे होतं ते माझ्या मनात. त्या संध्याकाळी मला आमच्या ओट्याचा वास आला. बावीस वर्षांत कधी आला नव्हता. पुढे ऑफिसातली माणसं येतील, सुमनच्या माहेरची येतील, त्यांना काय दर वेळी सालांच्या ढिगातून आत न्यायचं? शिवाय ओटा नसेल तर खोली आठ हातांची होईल; टेबल मावेल, दोन खुर्च्या मावतील.

आमच्या घराचा नकाशा मी शाईने पुरा केला होता, ओट्यासकट. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ऑफिसात बसून मी दाढीचं पातं घेतलं आणि ओटा खरवडला. ट्रेसिंगवरची शाई अशीच काढायची असते, हलक्या हाताने, कागद न फाडता. त्यात माझा हात चांगला होता. मग खोलीची रेघ दोन हात पुढे ओढून गल्लीला भिडवली. घरी येऊन आत्याला सांगितलं की म्युनिसिपालिटी ओट्याला परवानगी देत नाही, नवा कायदा आहे. आमच्या नकाशाला ओट्यासकट मंजुरी सहज मिळाली असती. कसला कायदा नि कसलं काय.

आत्याने नकाशा मागितला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पापलेट बघावं तसं तिने त्यावरून बोट फिरवलं. चुलीजवळून निघालं, जुन्या खोलीतून नव्या खोलीत आलं, दाराशी आलं आणि थांबलं. कागद सगळीकडे गुळगुळीत आणि तिथे तेवढा खरखरीत. बोट त्या जागेवरून एकदा इकडे, एकदा तिकडे गेलं.

"हितं काय हुतं?"

"चूक झाली होती," मी म्हणालो. "खोडली."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाली आणि कागद परत दिला. मग उठली, फळीवरून ओट्याचं मडकं काढलं आणि त्यातल्या सगळ्या शिंपल्या दाराच्या मडक्यात ओतल्या. त्याचा केवढा आवाज झाला. म्हणाली, मग दार चांगलं कर, सागाचं कर, सुनेला उघडता-लावताना बरं वाटलं पाहिजे. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. रात्री मी छान जेवलो.

खोली झाली. दार तर असं झालं की लोक बघायला यायचे. लग्न झालं, टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या. आणि आत्या संध्याकाळी पाटी धुऊन झाली की दारात उभी राहू लागली. बसायचं कुठे? खुर्चीवर ती कधी बसली नाही. पाय लोंबकळतात, म्हणायची. उंबऱ्यावर बसली तर गल्लीतून जाणाऱ्याचा पाय लागायचा. शेवटी बाहेर भिंतीच्या कोपऱ्यात त्या फुटक्या विटांचा ढीग उरला होता, त्यावर गोणपाट टाकून ती बसू लागली. बायका एकेक करून हिरूबायच्या दारात जमू लागल्या आणि आत्या इकडून ढिगावरूनच त्यांच्याशी मोठ्याने बोलायची. गल्ली काही रुंद नव्हती, पण बोलणं मधल्या मधे तुटायचं.

पुढच्या वर्षी आमच्या मुलीचं बारसं ठरलं. पाहुण्यांपुढे दाराशी तो ढीग बरा दिसेना, म्हणून मी गाडीवाल्याला सांगून उचलून नेला. आत्या बाजाराला गेली होती. परत आली, पाटी खाली ठेवली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून गोणपाट कुठे आहे एवढंच विचारलं. गोणपाटही गेलं होतं. मग तिने नवं लुगडं नेसलं, पाळणा म्हटला, नातीच्या गालाला बोट लावून बघितलं आणि मुलगी गुणाची निघेल असा निकाल दिला. त्या दिवशी ती घरात सगळ्यांत आनंदी होती. निदान मी तसं धरून चाललो.

त्याच सुमारास हिरूबायने घर दुरुस्त केलं आणि पुढे फरशीचा ओटा बांधला, रीतसर मंजुरी घेऊन. गवंड्याने आत्याला सहज विचारलं की तुमच्या इंजिनिअरने तुम्हाला ओटा कसा नाही ठेवला. मी दारामागे शर्ट घालत होतो, हात तसाच बाहीत राहिला. आता ही काय म्हणते?

"तवाचा कायदा येगला हुता," आत्या म्हणाली.

गवंडी काय ते समजून हसला असेल. मी बाहेर गेलो नाही. तिथे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच ते माझ्याच्याने झालं नाही. मनाशी म्हणायचो, तिला कळलंच नसेल तर उगाच कशाला दुखवा. आणि तिला कळलं असेल हा विचार आला की पेपर उघडायचो.

महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी अख्ख्या कोळीवाड्यात दिवे होते. प्रत्येक ओट्याच्या कडेला पणत्यांची ओळ. आत्याने आठवडाभर आधी पणत्या आणून भिजत घातल्या होत्या, वाती वळल्या होत्या. तिने त्या आमच्या उंबऱ्यावर मांडल्या, पण माणसांची ये-जा चालू होती. एक कुणाच्या तरी पायाने उलटली, दुसरीला सुमनच्या पदराचा वारा लागला. तेव्हा तिने सगळ्या पणत्या ताटात घेतल्या, गल्ली ओलांडली आणि हिरूबायच्या ओट्यावर नेऊन लावल्या. मग तिथेच बसली, पाय वर घेऊन, आमच्या घराकडे तोंड करून. माझ्या डोळ्यांसमोर आमचं सागाचं दार चांगलं पॉलिश केलेलं आणि अंधारात. तिने हाक मारून मला बोलावलं, ये रे, हितून आपलं घर किती चांगलं दिसतंय बघ, म्हणून. तिच्या मनात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तिची प्रत्येक संध्याकाळ हिरूबायच्या ओट्यावर जाऊ लागली. दोनेक वर्षांनी ती थकली. पाटी सुटली, खोकला लागला. दुसरं मूल झालं होतं आणि मी घरावर माळा चढवायचा बेत करत होतो. एका रविवारी टेबलावर कागद पसरून बसलो होतो. आत्या भिंतीशी अंथरुणावर होती. कुणी सांगितलेलं नसताना मी पुढची भिंत दोन हात मागे घेतली आणि तिथे ओटा काढला. बरोबर दोन हात. खोली लहान होते म्हणून टेबलाला रजा दिली. शाई वाळल्यावर कागद तिच्याजवळ नेला आणि तिचा हात धरून बोट त्यावर ठेवलं. ते आता बारीक झालं होतं, पण वाट विसरलं नव्हतं. चुलीपासून निघालं, दारापर्यंत आलं, दाराबाहेर गेलं आणि ओट्याच्या कडेकडेने फिरलं.

"यावेली खरवडू नको," आत्या म्हणाली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. शिंपल्या ओतल्या तेव्हा, ढिगावर बसली तेव्हा, गवंड्याला कायदा सांगितला तेव्हा. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने माझ्या कपाळाला बोट लावलं आणि ताप नाही म्हणाली.

नकाशा मंजुरीला गेला होता तेव्हाच ती गेली, माघ महिन्यात, सकाळी. आमच्यात माणूस गेलं की त्याला बाहेर ओट्यावर आणून ठेवतात. आंघोळ, फुलं, बायकांचं रडणं सगळं तिथे होतं, आणि तिथूनच त्याला नेतात. चौघांनी तिला उचललं आणि सागाच्या दारातून बाहेर काढलं. दाराबाहेर गल्ली, गल्लीत माणसं. ते चौघं तिला हातांवर धरून तसेच उभे राहिले आणि कुठे ठेवायचं म्हणून माझ्याकडे बघू लागले. घरांचे नकाशे काढून पोट भरणारा मी, मला जागा सांगता येईना.

समोर हिरूबायने ओट्यावरचा पाण्याचा हंडा बाजूला घेतला आणि पदराने फरशी पुसली.

"हितं आना तिला," ती म्हणाली. "रोजची जागा हाय तिची."